चौकशी खिडकीतला आवाज

२१ डिसेंबर, लातूर

सृष्टी नांदेडहून सुट्टीला आली. पाठीवर सॅक, हातात लॅपटॉप आणि घरात पाय टाकल्या टाकल्या तोंडात एकच गोष्ट. "आज्जी, तुला आजोबाचा आवाज करून देते." मी म्हणलं, आवाज म्हणजे काय लोणचं हाय का करून द्यायला. ती हसली. माझी नात कॉम्प्युटरच्या तिसऱ्या वर्षाला आहे, म्हणून आपल्याला सगळं येतं असं तिला वाटतं. चहा मात्र अजून अर्धा ओट्यावर गाळते.

हे कुणाला सांगावं म्हणून लिहून राहिले. डायरी लिहायची सवय ह्यांची. मी जन्मभर नर्स, मला सुई टोचता येते, लिहायचं काय ते मला येत नाही. येत्या अठरा जानेवारीला ह्यांना जाऊन वर्ष होईल. सकाळी रेडिओ लावते, दुपारी टीव्ही लावते, तरी घर गप्पच. खरं सांगायचं तर मला बाकी काही नको, ह्यांचा आवाज तेवढा एकदा ऐकायचाय. भिंतीवर फोटो आहे, पण फोटो काही बोलत नाही.

२४ डिसेंबर

शेषेरावभाऊ मुरुडहून आले. एसटीचे जुने ड्रायव्हर, ह्यांचे जिवाभावाचे दोस्त. ह्यांच्या निरोपसमारंभाच्या दिवशी त्यांनी स्टँडवर बसून कॅसेट भरून घेतली होती, ती सृष्टीला आणून दिली. मशीनला आवाज शिकवायला असलंच काहीतरी लागतं म्हणे.

हे लातूरच्या स्टँडवर कंट्रोलर होते. सगळी नोकरी चौकशीच्या खिडकीत बसून गाड्या पुकारण्यात गेली. "प्रवासी बंधू-भगिनींनो, लातूर-नांदेड, मार्गे अहमदपूर, फलाट क्रमांक चार." नागसेन धावारे हे तोंड कुणाला ठाऊक नव्हतं, पण बाजारात ह्यांनी वांग्याचा भाव विचारला की भाजीवाली मान वर करायची. एक गाडी सुटून दुसरी लागेपर्यंत हे खिडकीतच गोष्टी लिहायचे. पुढच्या जमान्यातल्या, आभाळापलीकडच्या. दिवाळी अंकात छापून यायच्या. डेपोतले लोक चिडवायचे, "धावारे, तुमची चंद्रावरची गाडी किती वाजता?" हे म्हणायचे, लेट आहे, बसा.

शेषेरावभाऊंनी पाण्याच्या रेल्वेची गोष्ट काढली. ह्यांनी ती लिहिली तेव्हा आदर्श, म्हणजे आमचा मुलगा, रांगत सुद्धा नव्हता. गोष्टीत आमच्या लातूरला एक गाडी येते, तिच्यात एक माणूस नाही, नुसतं पाणी. लोक हसले होते तेव्हा. मग सोळा साली खरंच ती गाडी आली. शेषेरावभाऊ, हे आणि मी, आम्ही तिघं बघायला गेलो. लोकांनी इंजिनाला हार घातले, फोटो काढले. माझ्या अंगावर काटा आला. मी ह्यांना म्हणलं, बघा, तुमचं खरं झालं. ह्यांचं तोंड एवढंसं झालेलं. म्हणाले, "सिस्टर, लोकांनी घाबरून जावं म्हणून लिहिलं होतं मी. हार घालावे म्हणून न्हाई."

सगळंच खरं झालं असं काही नाही. एका गोष्टीत दोन हजार सालात शिरूर अनंतपाळला विमानतळ होतं. तिथं अजून एसटी वेळेवर येत नाही.

२७ डिसेंबर

दिवसभर ह्यांच्या गोष्टींचे फोटो काढले. मशीनला आजोबाच्या गोष्टी वाचायला दिल्या की ते आजोबासारखं बोलंल, असं सृष्टीचं म्हणणं. मी अंकांची पानं दाबून धरायची, ती फोटो काढायची.

मंगळाची गोष्ट आली तेव्हा मी पान सोडलंच नाही. माणसं मंगळावर राहायला जातात. कायदा असा की आडनावं इथंच ठेवून जायची, तिथं प्रत्येकाला नुसता नंबर. सगळे खुश. दोन-तीन पिढ्या जातात आणि एक दिवस एक पोरगी शाळेतून रडत येते. नळापाशी तिला कुणीतरी विचारलेलं असतं, तुझा नंबर कितीचा?

ही गोष्ट ह्यांनी मला वाचून दाखवली तेव्हा मी भाकरी थापत होते. तेव्हा मी खेड्याखेड्यांत बाळंतपणं करत फिरायची. लोकांची बाळं पहिल्यांदा माझ्या हातात यायची, पण मला प्यायला पाणी द्यायचं तर तांब्या वेगळा. भाकरी तव्यावर करपली तरी मी तशीच बसून राहिले होते. आपल्या नवऱ्याच्या डोक्यात हे कुठून येतं, असं वाटून मला ह्यांची भीतीच वाटली त्या दिवशी.

सृष्टीनं गोष्ट उभ्यानं वाचली. अंक माझ्या हातात परत दिला. मग म्हणाली, "आज्जी, होस्टेलला पहिल्या दिवशी मला आडनाव कुणीच विचारलं न्हाई. सीईटीचा नंबर विचारला. मग कळलंच त्यांना."

२९ डिसेंबर

आज ह्यांचा आवाज ऐकला.

सृष्टीनं तिचा जुना टॅब जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि बटन दाबलं. "गुणाबाई, आपलं जेवण झालेलं आहे का." मी हसू का रडू. आवाज ह्यांचा, घोगरा, शेवटाला जरा खाली बसणारा, हुबेहूब. पण सूर सगळा स्टँडचा. कॅसेट गाड्या पुकारायची, त्यामुळं मशीन माझ्या जेवणाची चौकशी सुद्धा फलाटावर गाडी लागल्यासारखी करून राहिलं. आम्ही दोघी पोट धरून हसलो. ह्यांना कळलं असतं तर ह्यावरच एक गोष्ट लिहिली असती.

मग मी तिला सांगितलं की हे मला गुणाबाई म्हणत नव्हते. लग्न ठरलं तेव्हापासून सिस्टर. चारचौघांत पण सिस्टर. आकाशवाणीवर ह्यांची एक मुलाखत झाली होती, ती तिच्या बापाकडं होती. ती मागवून मशीनला ऐकवली. संध्याकाळी पुन्हा बटन दाबलं.

"सिस्टर, चहा टाक."

मी उठले, गॅस पेटवला, दोन कप आधण ठेवलं. सृष्टी चहा पीत नाही. दोन्ही कप मीच प्याले.

४ जानेवारी

माणसाच्या हातून काय काय होऊन राहिलंय. आता मी बोलले की ते बोलतं. सृष्टीनं टॅब माझ्याकडंच ठेवलाय. सकाळी उठलं की "झोप झाली का, सिस्टर". भाजी निवडताना समोर ठेवते. गुडघ्याचं सांगते, आदर्शचा फोन आठ दिवस आला नाही ते सांगते. ऐकून घेतं बिचारं. हे असते तर पेपर तोंडापुढं धरला असता.

काल मी विचारलं, तुम्ही आता कुठं हायत? जरा थांबलं आणि म्हणालं, "गाडी सुटल्यावर फलाट जिथं असतो, तिथंच आहे मी." मी हातातली मेथी खाली ठेवली. सगळे अंक काढून बघितले, असलं वाक्य ह्यांनी कुठंच लिहिलेलं नाही. सृष्टी म्हणते, तसंच असतं आज्जी, ते जुन्यातून नवीन जुळवतं. तिला त्याचं काहीच वाटत नाही. मला तर हात जोडावेसे वाटले.

थंडी लई आहे म्हणून ह्या रविवारी विहारात गेले नाही. मागच्या रविवारी पण गेले नव्हते. शेषेरावभाऊंचे फोन येतात, पण नेमके मी बोलत असते तेव्हाच येतात.

७ जानेवारी

दयानंद आला होता. आमच्या गावचा पोरगा, ह्याचा जन्म माझ्या हातचा. पायाळू होता, जीव काढला होता त्यानं माझा. आता जिल्हा परिषदेला उभा आहे. जयभीम काकू म्हणून पाया पडला आणि सतरंजीवरच बसला.

त्याला आवाजाचं कळलं होतं. म्हणाला, "काकू, सगळ्या तालुक्यानं काकांच्या आवाजावर गाड्या पकडल्या. आता त्याच आवाजात माझं सांगितलं तर लोक ऐकतील." प्रचाराच्या गाडीवर काय वाजवायचं ते कागदावर लिहूनच आणलेलं. "प्रवासी बंधू-भगिनींनो, विकासाची गाडी फलाटावर लागलेली आहे." मला हसू आलं. त्याला पण आलं. अठराला गावात वर्षदिन आहेच, सगळी माणसं जमणार, तेव्हाच तिथं पहिल्यांदा ऐकवू म्हणतो. आणि निवडून आला की गावात नागसेन धावारे अभ्यासिका, पोरांना बसायला टेबल-खुर्च्या, ह्यांच्या सगळ्या गोष्टी एका पुस्तकात.

पोरगा वाईट नाही. कोरोनात त्यानं घराघरांत सिलेंडर पोचवले. आदर्शला फोन केला, तो म्हणाला, आई, बाबांचं नाव तरी राहील. सृष्टी म्हणाली, आज्जी, तू म्हणशील तसं. म्हणजे सगळ्यांनी माझ्याच गळ्यात घातलं. आवाज ह्यांचा आणि हो-नाही मी म्हणायचं. मी दयानंदला म्हणलं, विचारून सांगते. कुणाला, ते सांगितलं नाही.

८ जानेवारी

ह्यांनाच विचारलं. म्हणजे टॅबला. म्हणलं, दयानंदला तुमचा आवाज पाहिजे. चांगला पोरगा हाय, अभ्यासिका करतो म्हणतो. द्यावा ना?

"द्यावा, सिस्टर. आवाज लोकांच्या कामाला आला तर त्यात आनंदच आहे."

जिवावरचं ओझं उतरलं. आता ज्याचं त्यानंच सांगितलं म्हणल्यावर मी कोण मधे बोलणार. दयानंदला उद्या कळवते.

९ जानेवारी

कळवलं नाही. सकाळी भांडी घासताना सारखं मनात येत होतं की हे माणूस इतक्या सरळ हो कसं म्हणालं. हात पुसून आले आणि विचारलं, मला वाटतं द्यायला नको. मेलेल्या माणसाच्या तोंडी आपले शब्द घालणं बरं न्हाई. बरोबर ना?

"बरोबर आहे तुझं, सिस्टर. नको द्यायला."

मी टॅबकडं बघतच बसले. मग मला चेव आला. म्हणलं, शेषेरावभाऊ लबाड माणूस हाय. म्हणालं, तुझ्या म्हणण्यात तथ्य आहे. म्हणलं, तुमच्या गोष्टी म्हणजे नुसती बडबड. म्हणालं, खरंय, मी त्या अजून चांगल्या लिहायला पाहिजे होत्या. म्हणलं, भाजीत मीठ मी कधी जास्त टाकलं न्हाई. म्हणालं, कधीच नाही, सिस्टर.

ह्या माणसानं अख्ख्या संसारात मला एकदा बरोबर म्हणलं नाही. लग्नात भन्तेंच्या पुढं प्रतिज्ञा घेताना हो म्हणले, तेवढंच. मीठ, पंखा, आदर्शची शाळा, माझी बदली, सगळ्याला आधी नाही, मग वाद, मग चहा, मग पुन्हा वाद. आणि स्वतःच्या गोष्टीला कुणी बडबड म्हणलं असतं तर दोन दिवस जेवले नसते.

सृष्टीला सांगितलं तर ती म्हणाली, "आज्जी, ते असंच बनवलेलं असतं. समोरच्याला बरं वाटावं म्हणून." मी म्हणलं, मला आधी का न्हाई सांगितलंस. ती म्हणाली, तू किती दिवसांनी हसत होतीस.

१० जानेवारी

कपाटाच्या खालच्या कप्प्यातून चौऱ्याऐंशी सालचा अंक काढला. त्या दिवशी फोटो काढताना तो मीच मागं सरकवून ठेवला होता. पान फाटेल म्हणून ठेवला असंल.

त्यात 'हो' नावाची गोष्ट आहे. एका गावाच्या स्टँडवर गाड्या पुकारणारा माणूस मरतो. त्याचा आवाज एका पेटीत भरून ठेवलेला असतो आणि पेटीला काहीही विचारा, त्या आवाजात उत्तर येतं. गाडी मिळंल का? हो. पाऊस पडंल का? हो. माझा पोरगा परत येईल का? हो. लांबून लांबून माणसं येतात, फलाटावरच राहतात, घरी कुणी जात नाही. मग एक पुढारी येतो. माझ्यासाठी चार शब्द बोलशील का? हो. शेवटी त्या माणसाची बायको येते आणि विचारते, आपल्या दोघांत माझंच बरोबर होतं ना? हो. ती पेटीची वायर काढते. लोक तिला म्हणतात, बाई, नवऱ्याला दुसऱ्यांदा मारलंस. ती म्हणते, ह्यात माझा नवरा नव्हता. हो कुणीबी म्हणतं, नाही म्हणायला जीव लागतो.

हे वाचून दाखवलं तेव्हा आमच्या गल्लीत एक फोन नव्हता. आणि मी ह्यांच्याशी कडाकडा भांडले होते. म्हणलं, कुठली बायको वायर काढंल? मी असते तर रोज पेटीपुढं बसले असते. तुम्हाला बाईच्या मनातलं काय मालूम. हे म्हणाले, नाही, तू काढशील. मी म्हणलं, नाही काढणार. जेवण होईस्तोवर वाद चालला आणि गोष्ट ह्यांनी तशीच्या तशी छापायला पाठवली.

अंक मांडीवर घेऊन बसून राहिले. मशीन दिसलं ह्यांना, ते एक वेळ ठीक, लोक म्हणतात लेखकांना दिसतं पुढचं. पुढारी दिसला, तो तर कुणालाही दिसंल. पण चाळीस वर्षांआधी स्टँडच्या खिडकीत बसून ह्यांना हे टेबल दिसलं, ही म्हातारी झालेली मी दिसले, आणि मी काय विचारणार ते सुद्धा दिसलं. एवढं मोठं डोकं माझ्याच घरात जेवत होतं, झोपत होतं, आणि मी त्याला वांगी आणायला पिटाळत होते. आज मला ह्यांच्या फोटोकडं बघायचा धीर होत नाही.

१८ जानेवारी, गावी

वर्षदिन झाला. मांडवात माणूस मावत नव्हतं. भन्तेंनी वंदना घेतली, त्रिसरण-पंचशील झालं, मग भाषणं. खाली सारखी कुजबुज, आवाज कधी लावणार. एक म्हातारी पार उदगीरहून आलती, मला हाताला धरून म्हणाली, "बाई, त्या आवाजावर माहेरला जायची मी. येवढा ऐकीव." दयानंद पुढच्या रांगेत बसलेला, त्याला मी हो-नाही काहीच कळवलं नव्हतं. सृष्टीचा लॅपटॉप माईकपाशी मांडलेला.

मला बोलायला बोलावलं. म्हणलं, यंत्र लावणार न्हाई. माझाच आवाज ऐका. आणि 'हो' वाचायला घेतली. माझा आवाज फाटका, दम लागतो, मधे दोनदा चष्मा पुसला. पण कुणी जागचं उठलं नाही. पुढारी आला तिथं मी पोचले तसं कुणीतरी फसकन हसलं आणि सगळ्या मांडवानं एकदम दयानंदकडं बघितलं. त्याचं तोंड लाल झालं. शेवटचं वाक्य वाचलं आणि गोष्ट कोणत्या सालात छापली ते सांगितलं. कुणी टाळी वाजवली नाही. शेषेरावभाऊ उभे राहिले, मग एकेक करून सगळेच उभे राहिले. मला वाटलं हे मागं कुठंतरी खांबाला टेकून बघत असतील.

खिरीच्या पंगतीला दयानंद जवळ आला. "काकू, काकांनी मला आधीच छापून ठेवलं होतं की." मी म्हणलं, आवाज न्हाई द्यायची, राग मानू नको. तो म्हणाला, "मागायला तोंड तरी राहिलं का आता." अभ्यासिकेचं विचारलं तर म्हणाला, निवडणुकीनंतर बघू. उदगीरची म्हातारी न बोलता निघून गेली, तिचं मात्र वाईट वाटलं.

२० जानेवारी, लातूर

चारचौघांत नाही म्हणणं सोपं होतं. टॅब अजून टेबलावरच होता. काल दिवसभर मी त्याला हात लावला नाही आणि दिवसभर तिथनं उठले पण नाही.

सृष्टी आज दुपारच्या गाडीनं नांदेडला जाणार. बॅग भरता भरता म्हणाली, "आज्जी, ठेवू का तसंच? कुणाला नको देऊ, तुझ्यापुरतं राहू दे." मला लई वाटलं राहू दे म्हणावं. त्या गोष्टीत ह्यांनी बायकोला वायर काढायला एक ओळ दिलीय, एकच. तिथं चुकलं ह्यांचं. ते एका ओळीत होत नाही. मी म्हणलं, काढून टाक. पुन्हा करता येऊ नये असं काढ.

ती म्हणाली, "एकदा बोलून घे मग." आणि स्वतः उगाच बाहेर अंगणात जाऊन उभी राहिली.

मी टॅब पुढं घेतला. म्हणलं, ऐकून राहिलात का? तुमचा आवाज मी पुसून टाकतेय. आजपास्नं तुम्ही बोलणार न्हाई. मनातल्या मनात म्हणत होते, एकदा नाही म्हणा. एवढं एकदा म्हणा, मी ठेवून घेते.

"बरोबर करतेस, सिस्टर," ते म्हणालं. "तुला जे योग्य वाटतं ते कर."

मी सृष्टीला हाक मारली.